फोन घरात आहे, पण विचारायचं कोणाला?

प्रवासात रेंज जाते आणि एपिसोड अर्धवट राहतो, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातली. गेल्या दिवाळीत मी मावशीकडे गेले होते. तिचं गाव अंतरवाली सराटीपासून फार लांब नाही. दुपारची जेवणं झाली, भांडी आवरली आणि मावशीने कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, झेरॉक्सचा गठ्ठा आणि रबर लावलेला स्मार्टफोन.

“तू कंप्युटरची इंजिनिअर ना? एवढं केवायसी करून दे बाई. दोनदा जाऊन आले, होईना.”

एका सरकारी योजनेचं ई-केवायसी होतं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. दीड तास गेला, तरी झालं नाही. आधी कॅप्चा चुकला, कारण वाकडी इंग्रजी अक्षरं मावशीला ओळखता येईनात आणि मी मुद्दाम तिलाच टाइप करायला लावलं होतं. मग तिच्या नंबरवर ओटीपी आला, तो टाकला. पुढच्या पानावर काकांच्या आधारचा ओटीपी हवा होता. तो गेला त्यांच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेला. आता आधी आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडा, तो अपडेट होईपर्यंत थांबा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी विचारलं, “आधी दोनदा गेलीस तेव्हा हे कोणी सांगितलं नाही?”

ती म्हणाली, “कोण सांगतंय? पोराने फोन घेतला, त्याचं त्यानेच काहीतरी दाबलं, म्हणला उद्या या. पैसे मात्र घेतले.”

आता या घराचा हिशोब मांडा. स्मार्टफोन आहे. फोरजी आहे. डेटा पॅक आहे. बाई दहावीपर्यंत शिकलेली, पेपर वाचणारी. कोणत्याही सर्व्हेत हे घर ‘इंटरनेट पोहोचलेलं’ म्हणूनच मोजलं जाईल. तरीही ती एका फॉर्मसाठी दोनदा पैसे मोजून रिकाम्या हाताने परत आली होती.

मला सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? वर्षभरापूर्वी आमच्या टीमने असाच एक फॉर्म बनवला होता. पाच मिनिटं काही हालचाल झाली नाही की लॉगआउट. मीटिंगमध्ये एकाने विचारलं होतं, वेळ कमी नाही का होणार? पाच मिनिटं भरपूर झाली, असं मीच म्हणाले होते. मावशीला चष्मा सापडायलाच तीन मिनिटं लागली.

‘डिजिटल’ होण्यात नक्की काय काय येतं?

सरकारी कागदांत याला ‘डिजिटल समावेशन’ म्हणतात. शब्द जड आहे, पण त्याचे साधे तुकडे पाडता येतात. एक, हातात उपकरण हवं. दोन, नेट हवं. तीन, ते वापरता यायला हवं. आणि चौथा तुकडा आपण नेहमी विसरतो: अडलं की विचारायला विश्वासाचं माणूस हवं.

पहिल्या दोन तुकड्यांवर देशात पुष्कळ काम झालं, तरी दरी आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या दरम्यान, देशातल्या ग्रामीण भागात इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष सुमारे ४९ टक्के होते आणि बायका सुमारे २५ टक्के. ‘कधी तरी वापरलंय का’ एवढाच तो प्रश्न होता.

तिसऱ्या तुकड्यासाठी २०१७ मध्ये केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. प्रत्येक घरातल्या एका माणसाला वीस तासांचं प्रशिक्षण, सहा कोटी घरांचं लक्ष्य. मार्च २०२४ मध्ये योजना संपली तेव्हा लक्ष्याहून जास्त लोकांचं प्रशिक्षण झाल्याची नोंद होती. छान. पण वीस तासांत तुम्ही जे शिकता ते त्या दिवशीचं असतं. दोन वर्षांनी ॲप बदलतं, नवा नियम येतो, बटण दुसरीकडे जातं. वर्ग संपल्यावर पडलेला प्रश्न कुठे न्यायचा? आजचा एपिसोड या चौथ्या तुकड्याबद्दल आहे. माझं म्हणणं असं की, त्यासाठी लागणारी जागा आपल्याकडे आधीपासून आहे. तिच्या पाटीवर ‘सार्वजनिक वाचनालय’ लिहिलेलं असतं.

अंतरवालीने दाखवलेली गोष्ट

अंतरवाली सराटी हे नाव तुम्ही २०२३ मध्ये ऐकलं असेल. मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण, १ सप्टेंबरचा लाठीमार आणि मग राज्यभर पसरलेलं आंदोलन. त्या राजकारणात मी आज जाणार नाही. त्या आंदोलनातून कागदांचा जो प्रश्न पुढे आला, तो मला इंजिनिअर म्हणून बघायचाय.

सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायचं काम तिच्याकडे आलं. सुरुवात मराठवाड्यापासून झाली, पुढे शोध राज्यभर गेला. राज्यात ५४ लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं, पण त्यात मराठवाड्याचा वाटा अगदी थोडा निघाला. सापडलेले कागद स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकले गेले.

ऐकायला मस्त वाटतं. पणजोबांची नोंद आता फोनवर! प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

अंबड तालुक्यातला एक माणूस नोंद शोधायला बसतो. पहिली अडचण जिल्ह्याची. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ च्या आधी सगळा मराठवाडाच हैदराबाद संस्थानात किंवा हैदराबाद राज्यात. त्यामुळे जुन्या कागदावर जिल्हा म्हणून ‘जालना’ शोधत बसाल, तर आयुष्यभर सापडणार नाही.

दुसरी अडचण लिपीची. निजामाच्या काळातली पुष्कळ सरकारी दप्तरं उर्दूत आहेत आणि जुन्या मराठी नोंदी मोडीत. आपल्या पिढीत मोडी वाचणारं माणूस शोधून दाखवा.

तिसरी अडचण तांत्रिक आणि तीच लोकांना सर्वांत जास्त चकवते. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. त्यात तुम्हाला अक्षरं दिसतात, पण फोनला फक्त काळे-पांढरे ठिपके दिसतात. म्हणून त्यात आडनाव टाकून शोधलं, तर ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. नोंद नाही असा त्याचा अर्थ नसतो. फोनला वाचता आलं नाही, एवढाच अर्थ. हा फरक माहीत नसलेला माणूस फोन बंद करतो आणि घरी सांगतो, ‘आपली नोंद निघाली नाही.’

मोडीचं देवनागरीत रूपांतर करणारी एआय मॉडेल्स आता तयार होतायत. आयआयटी रुडकीच्या टीमने २०२५ मध्ये असं एक मॉडेल आणि त्यासाठीच्या हस्तलिखित पानांचा डेटासेट जाहीर केला. पण मॉडेल येईल तेव्हाही ते वापरून दाखवणारं कोणीतरी गावात लागेलच.

आणि हे फक्त एका समाजाचं दुखणं नाही. अंतरवालीजवळच्याच वडीगोद्रीत जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण झालं होतं. मागण्या एकमेकींच्या विरुद्ध, पण कागदांची धावपळ दोन्हीकडे सारखीच. जातीचा दाखला आणि जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुक, खासरा पत्रक. हे शब्द आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या घरांत सारखेच बोलले जातात. कॉलेजच्या ॲडमिशनची तारीख जवळ आली की तर जास्तच.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेऊन दाखल्यांसाठी गावपातळीवर समिती ठेवली. त्यात ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी आहेत. ते चौकशी करतील. पण चौकशीच्या आधी स्वतःचे कागद कुठे आहेत, वेबसाइट कशी उघडायची, काय डाउनलोड करायचं, हे कोण समजावणार? आज ते काम भाऊबंदांतला एखादा पोरगा करतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणारी लिंक करते. आणि त्या लिंक खऱ्याच असतील याचा काय भरवसा?

सेवा केंद्र आहे की, मग वाचनालय कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. सेवा केंद्रं हवीतच. त्यांनी लाखो लोकांचे दाखले काढून दिलेत. पण त्यांचं गणित बघा. त्यांना पैसे मिळतात एका फॉर्ममागे. समोर रांग असते. तुम्हाला शिकवत बसले, तर दिवसाचे फॉर्म कमी होतात. म्हणून तुमचा फोन घेऊन स्वतः बटणं दाबणं त्यांना परवडतं आणि समजावून सांगणं परवडत नाही. यात कोणाची नियत वाईट आहे असं नाही, धंद्याची रचनाच तशी आहे.

आणि काही प्रश्नांसाठी फॉर्मच नसतो. ‘हा मेसेज खरा आहे का?’ ‘या लिंकवर जाऊ का?’ ‘माझ्या खात्यातून हे ९९ रुपये कशाचे गेले?’ असल्या प्रश्नांसाठी कोणत्याच काउंटरवर दर लावलेला नसतो, म्हणून ते कोणी विचारत नाही. फसवणूक नेमकी तिथे होते.

वाचनालयात मात्र तुम्ही काहीही काम नसताना जाऊन बसू शकता. पेपर चाळा, पंख्याखाली टेका, शेजारच्याला काहीतरी विचारा. कोणी तुम्हाला ‘काय काम आहे?’ म्हणत नाही. चौथ्या तुकड्यासाठी अशीच जागा लागते.

बडोद्याच्या लाकडी पेट्या

ही कल्पना नवी नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. लवकरच लक्षात आलं की पोरं शाळेत वाचायला शिकतात, शाळा सुटते, गावात वाचायला काही नसतं आणि शिकलेलं विसरून जातात. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जायची. पेटी गावात काही आठवडे राहायची, मग पुढच्या गावाला.

माझ्या डोक्यात ही गोष्ट अडकून बसलीय. आपण आज १९०६ मध्ये आहोत. फोन वाटून झाले, प्रशिक्षणं झाली, सर्टिफिकेटं मिळाली. १९१० अजून यायचंय.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, १९६७ चा. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि दर्जानुसार अनुदान. अशी ग्रंथालयं राज्यात ११ हजारांच्या वर आहेत. बहुतेक ग्रंथालयं स्थानिक संस्था चालवतात, सरकार फक्त अनुदान देतं. म्हणजे गावातल्याच पाच-सात लोकांनी स्थापन केलेलं मंडळ, त्यांचीच जागा, त्यांचाच ग्रंथपाल.

यातच ताकद आहे आणि दुबळेपणाही. ताकद अशी की ग्रंथपाल गावचाच असतो, त्याला सगळे ओळखतात. दुबळेपणा असा की ड वर्गाचं अनुदान वर्षाकाठी इतकं तुटपुंजं असतं की त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि ग्रंथपालाचं मानधन बसवताना कसरत होते. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली, तीही दहा वर्षांच्या खंडानंतर. अशा माणसाला ‘आता तू डिजिटल सेवाही दे’ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत वाढायला उभं करणं.

आणि एक गोष्ट मान्य करायलाच हवी. बऱ्याच गावांत वाचनालय ही पुरुषांची जागा आहे. सकाळी आजोबा मंडळी पेपर वाचतात, दिवसभर भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं अभ्यास करतात. मावशी त्याच गावात सत्तावीस वर्षं राहते. मी तिला विचारलं, वाचनालयात कधी गेलीस का? ती हसलीच. “तिथे बायामाणसांचं काय काम?”

जिथे हे जमवलंय

शेजारच्या कर्नाटकाने २०१९ मध्ये ग्रामीण ग्रंथालयं ग्रंथालय खात्याकडून काढून ग्रामविकास खात्याकडे दिली, म्हणजे थेट ग्रामपंचायतींकडे. अशी साडेपाच हजारांहून जास्त ग्रंथालयं आहेत. आता त्यांना ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. अरिवु म्हणजे कन्नडमध्ये ज्ञान, जाण. मुलांना सभासदत्व मोफत दिलं, संगणक आणि नेट आणलं. पैसा आणि जबाबदारी एकाच दारात आल्यामुळे जुन्या खोल्यांचे दरवाजे पुन्हा उघडले.

ब्रिटन घ्या. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे लॉटरीच्या पैशातून देशातल्या सुमारे चार हजार ग्रंथालयांत संगणक आणि इंटरनेट बसवलं. त्यावर खर्च केला १० कोटी पौंड. पण त्याच्या जोडीला आणखी २ कोटी पौंड बाजूला काढले, फक्त ग्रंथालयातल्या माणसांना शिकवायला. मला त्या योजनेतला हा दुसरा आकडा जास्त आवडतो. यंत्रासोबत माणसाचा खर्च कोणीतरी बजेटमध्ये लिहिला होता.

आणि आता आपल्याकडे कायद्याचं पाठबळही आलंय. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. प्रकरण काय होतं? केवायसीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या बाईने ती कशी करायची? दृष्टिहीन माणसाने फोटोच्या चौकटीत चेहरा कसा बसवायचा? न्यायालयाने केवायसीच्या पद्धती बदलायला वीस निर्देश दिले. हे वाचताना मला आमचा पाच मिनिटांचा टायमर आठवला. त्यानंतर आमच्या टीममध्ये मी तो विषय काढला. टायमर आता पंधरा मिनिटांचा आहे आणि लॉगआउट झालं तरी भरलेलं पान जात नाही. दोन दिवसांचं काम होतं. आधी सुचलं नाही, कारण आधी मावशीच्या शेजारी बसले नव्हते.

त्या खोलीत काय झालं

दिवाळीच्या त्या सुट्टीत मी मावशीच्या गावातल्या वाचनालयात गेले. मारुतीच्या देवळाशेजारी एक खोली. चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, शासनमान्य असल्याची पाटी. ग्रंथपाल काकांना म्हटलं, तीन दिवस दुपारी दोन ते चार मी इथे बसते, कोणाला फोनचं काही विचारायचं असेल तर येऊ द्या. त्या वेळी आजोबा मंडळी झोपलेली असतात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

पहिल्या दिवशी फक्त मावशी आली, तीही माझी लाज राखायला. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या दोघींना आणलं. तिसऱ्या दिवशी अकरा जणी होत्या. एवढ्या जणींना मला एकटीला पुरं पडता येईना. मागच्या टेबलावर पोलीस भरतीचा अभ्यास करणारे तिघं जण बसले होते. त्यांना हाक मारली. सुरुवातीला कंटाळत आले, मग रंगले. त्यातल्या एकाला तर कागदपत्रांची माहिती माझ्याहून कितीतरी जास्त होती. साहजिकच आहे, भरतीचे फॉर्म भरून भरून त्याचे हात बसलेले.

शिकवायला माणसं कुठून आणायची, असं मी आठवडाभर डोकं खाजवत होते. ती त्याच खोलीत बसलेली होती. अभ्यासिकेतली पोरं आणि घरातल्या बाया, दोघं एकाच गावात, फक्त वेळा वेगळ्या.

सगळं गोड झालं नाही, तेही सांगते. दोघींचं काम झालंच नाही, कारण अडचण फोनमध्ये नव्हती, आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये होती. एका पोराने घाईत एका काकूंचा ओटीपी मोठ्याने वाचला आणि सगळ्या खोलीने ऐकला. त्याच संध्याकाळी आम्ही बसून नियम ठरवले.

तुम्हाला करायचं असेल तर

ते नियम इथे देते. गावी गेलात तर वापरा.

फोन ज्याचा त्याच्याच हातात राहील. आपण बोटाने दाखवायचं, दाबायचं त्यांनी. वेळ लागतो, लागू द्या. पुढच्या वेळी तो वाचतो.

ओटीपी आणि पिन मदतनीसाने बघायचाही नाही. आकडे टाकताना मान वळवायची. हे बघूनच लोक शिकतात की ओटीपी कोणालाच द्यायचा नसतो.

आधारची झेरॉक्स कोणाची ठेवून घ्यायची नाही, फोटो आपल्या फोनमध्ये काढायचा नाही.

एक वही ठेवा. नाव-नंबर लिहू नका, फक्त प्रश्न लिहा. ‘ओटीपी जुन्या नंबरवर जातो’, ‘पीडीएफमध्ये नाव सापडत नाही’. महिनाभरात कळतं की गावाला नक्की कशात अडतंय. ती वही ग्रामसभेत वाचता येते.

भिंतीवर एक कागद लावा: पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

वेळ ठरवताना बायकांना विचारा. आणि पहिल्यांदा एखादीला सोबत घेऊन जा, एकटी बाई त्या दारातून आत जाणार नाही.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला एक टेबल आणि एक वायफाय पुरतं. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत लहान दुकानदार किंवा संस्थाही लायसन्स फी न भरता सार्वजनिक वायफाय देऊ शकते. वाचनालयानेही चौकशी करायला हरकत नाही. मात्र ग्रंथपालाचं मानधन वाढल्याशिवाय हे कायमचं टिकणार नाही. आपण सुट्टीत दोन तास देऊन सरकारची जबाबदारी संपत नाही.

आणि फॉर्मवरच थांबू नका. तिसऱ्या दिवशी काम संपल्यावर एका काकूंनी विचारलं, “यात हळदीवरच्या रोगाचं बघता येतं का?” आम्ही मराठी विश्वकोशाची वेबसाइट उघडली. त्याचे सगळे खंड फुकट वाचता येतात, हे तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मग बालभारतीची पुस्तकं उघडली, कारण एकीच्या नातीचं गणिताचं पुस्तक फाटलं होतं. फोनची भीती त्या क्षणी थोडी उतरली असावी. त्याआधी फोन म्हणजे कोणीतरी काहीतरी मागणारं यंत्र होतं. आता त्याला आपणही काही मागू शकतो, हे कळलं.

मावशीचं केवायसी पुढे झालं. काका अंबडला जाऊन नंबर जोडून आले आणि उरलेलं तिने त्या भरतीच्या पोराच्या शेजारी बसून स्वतः केलं. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, “बँकेचा म्हणून मेसेज आलाय, लिंक आहे त्यात. दाबली नाही. गुरुवारी वाचनालयात दाखवते आधी.”

मी विचारलं, “गुरुवारी काय असतं?”

“अगं, गुरुवारी आम्ही बसतो ना. दोन ते चार.”

मंडळी, तुमच्या गावात किंवा वॉर्डात वाचनालय आहे का? शेवटचं त्यात कधी गेला होतात? या आठवड्यात एकदा जा, ते किती वाजता उघडतं आणि तिथे कोण बसतं, एवढंच बघून या आणि आम्हाला कळवा. चांगले अनुभव पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये वाचून दाखवू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरातल्या कोणी फोनचं काही विचारलं तर फोन त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. शेजारी बसा. भेटूच!